मालिका बघा, पण हिशेब मागा

मैत्रिणींनो, मालिका बघता म्हणून कुणापुढं ओशाळं व्हायचं कारण नाही, हे आधीच सांगून टाकते. कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, मालिका बघता का? "छे, येळ कुठाय!" असं उत्तर येतं, आणि पुढच्याच वाक्यात 'ठरलं तर मग'मधल्या सायलीचं काल काय झालं ते इत्थंभूत कळतं. क्रिकेटच्या मॅचपायी रात्र जागवणाऱ्या गड्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. बातम्यांच्या चॅनेलवरची तीच ती भांडणं तासन्‌तास ऐकणाऱ्या मामंजींना कुणी बिघडले म्हणत नाही. बाईनं अर्धा तास मालिका बघितली की मात्र घर बुडालं! ही लाज आपल्याला दुसऱ्यांनी लावलेली आहे. ती ज्याची त्याला परत द्या आणि निवांत बघा.

फक्त बघताना एक काम करा. पगाराची स्लिप हातात आली की आपण ओव्हरटाइमचे, म्हणजे ओटीचे तास मोजतो, पीएफ किती कापला ते बघतो. तसाच पडद्यावरच्या बाईकडं हिशेब मागा. कसा, ते सांगते.

आधी आपल्या इथली तऱ्हा. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या जमिनीवर ही वसाहत पसरली आहे. किर्लोस्करांची इंजिनं इथं बनतात, रेमंडचं शर्टाचं कापड इथं होतं, इथं शिवलेल्या बेडशीटा परदेशात जातात. लक्ष्मी टेकडीपाशी हायवेवरून आत वळणाऱ्या बसमध्ये कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, यळगूड, अगदी निपाणीकडच्याही बायका असतात. कुणी शिलाईला, कुणी चेकिंगला, कुणी पॅकिंगला, कुणी कँटीनमध्ये चपात्या लाटायला. १९४८च्या कारखाने कायद्यातलं कलम ६६ सांगायचं की बाईनं कारखान्यात काम करायचं ते सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच. सरकारनं सूट दिली तरी फार तर रात्री दहापर्यंत. म्हणजे सात वाजले की बाई घरात. आणि पुढं टीव्ही आला तेव्हा मालिकांची वेळ कुठली, तर हीच, सात ते दहा. कायदा करणाऱ्यांनी मालिका बघितल्या नव्हत्या आणि मालिका करणाऱ्यांनी कायदा वाचला नसेल, पण दोघांच्याही डोक्यातली बाई एकच: दिवेलागणीला घरात असणारी. महाराष्ट्रानं २०१५ साली कायदा दुरुस्त केला, सुरक्षेच्या आणि ने-आण करण्याच्या अटी घालून बायकांना रात्रीच्याही कामाची मुभा दिली. आता सेकंड शिफ्टला जाणारी बाई मालिकेच्या वेळेला मशीनवर असते. तिची मालिका दुसऱ्या दिवशी मोबाईलवर, बसमध्ये, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

आणि यानं एक बरं झालं. मोबाईलवर मालिका बघणाऱ्या बाईच्या बोटाकडं कधी लक्ष देऊन बघा. टीव्हीपुढं बसल्यावर समोर येईल ते बघावं लागतं, मोबाईलवर तसं नाही. मागच्या भागाची उजळणी ती पुढं ढकलते. विजा कडाडल्यासारखं संगीत वाजतं आणि घरातल्या झाडून सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात, तेही पुढं. नायिका देवघरापुढं बसून रडते, ते सुद्धा, खरं सांगायचं तर, दहा-दहा सेकंदांच्या उड्या मारत पुढं जातं. आणि मग बोट थांबतं. नायिका सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन काहीतरी बोलते, तिथं थांबतं. ते संपलं की बोट मागं येतं, तोच तुकडा परत लागतो आणि शेजारच्या सीटवर मोबाईल सरकतो, "बघ की, कशी वाजवली!" मालिका करणाऱ्यांनी पाहणी करत बसण्यापेक्षा हे एक बोट बघावं.

बायकांना रडारड आवडते असा समज त्या धंद्यात मुरलेला आहे. त्याला जुना आधारही आहे. दूरदर्शनवर १९८४-८५ मध्ये 'हम लोग' लागायची, मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली. मेक्सिकोतल्या मालिकांच्या धर्तीवर ती आखली होती: कसं वागावं, कसं वागू नये, ते पात्रांकडं बघून लोकांना कळावं. त्यातली आई भागवंती म्हणजे नवऱ्याच्या दारूपायी आणि घरच्यांच्या बोलण्यापायी पिचलेली, सगळं मुकाट सोसणारी बाई. तिच्याकडं बघून बायकांनी 'असं नको गं बाई' म्हणावं ही करणाऱ्यांची अपेक्षा. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तर कितीतरी जणींना भागवंतीच आदर्श वाटत होती.

मला यात बायकांचा भोळेपणा दिसत नाही. आपल्या घरात चालतं ते टीव्हीत दिसलं, आपल्यासारखी बाई चारचौघांसमोर आली, तिचे कष्ट कुणीतरी दाखवण्याजोगे मानले, हेच तेव्हा केवढं तरी होतं. ओळख पटते म्हणून आपण मालिकेत शिरतो. टिकतो मात्र ती बाई पुढं काय करते ते बघायला. त्याच १९८५ साली 'रजनी' आली. साध्या साडीतली प्रिया तेंडुलकर गॅसच्या सिलिंडरवरून, टॅक्सीवाल्यांच्या मनमानीवरून जाब विचारायला उभी राहायची, आणि टॅक्सीवाले चिडून उठले इतकं ते त्यांना झोंबलं. रजनी रडत बसली असती तर कुठल्या टॅक्सीवाल्याला राग आला असता?

राधिकाचं घ्या. झी मराठीवर ऑगस्ट २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली आणि साडेचार वर्षं चालली. अनिता दातेनं केलेल्या राधिकानं सुरुवातीला पोटभर रडून घेतलं, पण ते आज कुणाच्या लक्षात नाही. लक्षात आहेत ते राधिका मसाले. नवऱ्याचं बाहेर प्रकरण, ही गोष्ट नवी नव्हतीच. १९९९ साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' लागली तेव्हा सुधा जोशी शिकलेली, प्राध्यापक होती, आणि तिच्याही संसाराला तडा गेलेला होता. राधिकाचं वेगळेपण असं की तिनं हातातलं कसब बाजारात नेलं. पुढं त्या धंद्याचे आकडे इतके फुगवले की लोक हसायचे. हसायचे आणि बघायचे, कारण हिशेब कितीही कच्चा असला तरी मालकीण ती होती. आणि ती बोलायची नागपूरकडचं. शहाण्यासुरत्या घरात, पुण्या-मुंबईच्या बोलीत तिची टिंगल व्हायची, तरी तिनं आपली भाषा सोडली नाही. कारखान्यातल्या ऑफिसात 'न' आणि 'ण' सांभाळत बोलायची धडपड केलेल्या बाईला राधिका का आवडली, हे वेगळं सांगायला नको.

अरुंधतीचंही तेच. 'आई कुठे काय करते' स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये आली. बंगालीत 'श्रीमोयी', हिंदीत 'अनुपमा', आपल्याकडं मधुराणी प्रभुलकरची अरुंधती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याचं प्रकरण उघडं पडतं. तिथं थांबली असती तर ती आणखी एक भागवंती झाली असती. पण तिनं गाणं परत धरलं, घटस्फोट घेतला, पुढं दुसरं लग्न केलं. त्या लग्नावर बायकांत दोन तट पडलेले मी ऐकले आहेत. "पोरं लग्नाला आल्यावर असं शोभतं व्हय?" असं एकीनं म्हणायचं आणि दुसरीनं फाडकन "का, बापयाला शोभतंय ते?" विचारायचं. हे भांडण मला मालिकेपेक्षा मोलाचं वाटतं. 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये सुनेनं विधवा सासूचं लग्न लावलं तेव्हाही असंच. ती मालिका २०१९ साली आली. विधवेच्या लग्नाला कायद्याची मान्यता कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली दिली होती. महाराज मूळचे कागलकर घाटग्यांचे. म्हणजे आपल्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी कागदावर झालेली गोष्ट टीव्हीवर अजून धाडसाची वाटते.

आता आपल्या घरच्या मालिकेकडं येऊ. 'तुझ्यात जीव रंगला' ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये संपली. करवीर तालुक्यातल्या वसगड्यात तिचं चित्रीकरण चालायचं. तिच्यातल्या नायकाचं, राणादाचं 'चालतंय की' शाळकरी पोरांपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. नायिका पाठक बाई मला आवडायच्या, कारण त्या शिक्षिका होत्या आणि गावभर त्यांना 'बाई' म्हणत ते कुणाची तरी बायको म्हणून नव्हे, शाळेतल्या बाई म्हणून. अक्षया देवधरनं ते पात्र उगाच गोड न करता केलं.

पण खरं बोला, गप्पांत जास्त वेळ कोण असायचं? वहिनीसाहेब. धनश्री काडगांवकरची नंदिता. तिला शिव्याही तेवढ्याच पडायच्या. डबा खाताना तिच्या नावानं बोटं मोडायची आणि तिनं नवी काय चाल खेळली ते पहिल्यांदा विचारायचं. 'सुख म्हणजे नक्की काय असतं', ती पण कोल्हापूरच्याच शिर्के-पाटलांच्या घरातली, तिथं माधवी निमकरची शालिनी. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये शेवंता. सज्जन नायिकांपेक्षा या बायकांवर नजर का खिळते? साड्या भारी असतात म्हणून, असं म्हणून मोकळं होऊ नका.

नंदिताला काय पाहिजे ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिला जमीन पाहिजे होती, वाडा पाहिजे होता, किल्ल्या कमरेला पाहिजे होत्या. आपण कशा? ताटात शेवटची भाकरी उरली तरी "मला भूक नाही" म्हणणाऱ्या. पगार झाला की पोराची फी, दिराची नड, सासूचं औषध, आणि स्वतःचा चष्मा पुढच्या महिन्यात. अशा बाईपुढं एखादी छाती काढून "हे मला पाहिजे" म्हणते, तेव्हा वरवर चीड येते आणि आतून नजर हलत नाही. यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

वाईट आहे ते वेगळंच. मागणं, मिळवणं, ठाम बोलणं हे सगळं मालिकावाल्यांनी खलनायिकेच्या पदरात टाकलं आहे. चांगली बाई काही मागत नाही, आणि मागेल ती बाई चांगली नसते, हा हिशेब रोज रात्री आपल्या पोरींपुढं मांडला जातो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. पण मालिकेत बघा, माहेरच्या जमिनीत वाटा मागणारी नणंद हटकून कपाळावर नागमोडी टिकली लावलेली, भुवई उडवणारी. आणि नायिका? हक्कसोडपत्रावर हसत सही करते, मागं बासरी वाजते. अशा वेळी घरात मोठ्यानं बोला. "तिनं सही करायला नको होती," एवढं वाक्य पुरे, पण पोरीच्या कानावर पडेल असं बोला. शेजारी बसलेल्या भावाच्याही.

दिसण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर बरंच बोलून झालं आहे. 'रंग माझा वेगळा' सावळ्या मुलीची गोष्ट म्हणून २०१९ मध्ये आली, आणि दीपाचं काम करायला गोऱ्या रेश्मा शिंदेला रंग फासून सावळं केलं. सावळ्या नट्या महाराष्ट्रात मिळेनात की काय? तरी बायकांनी दीपाला जीव लावला, कारण लग्नाच्या बाजारातला तो अनुभव खरा होता. 'येऊ कशी तशी मी नांदायला'मधली स्वीटू अंगानं भरलेली, तिचंही तसंच झालं. दागिन्यांबद्दल मात्र कानाला धरून सांगते. 'होणार सून मी ह्या घरची' चालू होती तेव्हा जान्हवीचं मंगळसूत्र दुकानादुकानांतून मागायची लाट आली होती. हौस करा, हौसेला माझी ना नाही. पण जान्हवीचं मंगळसूत्र मागताना जान्हवी बँकेत नोकरी करत होती हेही लक्षात ठेवा, आणि भिशीचा नंबर लागल्याशिवाय हप्त्यानं सोनं घेऊ नका.

तर हिशेब. नायिका कमावते का, हा पहिला प्रश्न झाला, पण तो सोपा आहे. आजकाल बहुतेक जणी पहिल्या महिन्यात काहीतरी करत असतात. 'जीव माझा गुंतला'मधली अंतरा तर कोल्हापुरात रिक्षा चालवायची, आणि तो रिक्षाचा हँडल धरलेला हात बघून बऱ्याच पोरींना हुरूप आला असणार. 'फुलाला सुगंध मातीचा'मधल्या कीर्तीनं पोलीस अधिकारी व्हायचं स्वप्न धरलं. खरा प्रश्न असा विचारा: तिच्या पगाराचं काय होतं? तो कुणाच्या खात्यात जमा होतो? एटीएमचं कार्ड कुणाच्या पाकिटात असतं? एवढ्या मालिका बघितल्या, पगाराच्या तारखेला नायिका काय करते ते दाखवलेलं मला आठवत नाही. आपल्याकडं महिन्याचा सगळ्यात मोठा दिवस तो. कागलच्या गैबी चौकातल्या दुकानांना विचारा, पगाराची तारीख त्यांनाही पाठ असते. लग्न झालं की मालिका वाड्यात शिरते, आणि रिक्षा, शाळा, गॅरेज, ऑफिस सगळं फाटकाबाहेर राहतं. हा बहुतेक मालिकांना जडलेला रोग आहे. अशा वेळी लगेच विचारा, "हिचं काम कुठं गेलं?"

दुसरं, तिला मैत्रीण आहे का? नीट आठवून बघा. घराबाहेरची, नात्यातली नसलेली, तिच्या नवऱ्यावर डोळा नसलेली एक तरी मैत्रीण? मालिकेतल्या बाईभोवती सासवा, जावा, नणंदा आणि सवती असतात, आणि त्या सगळ्या तिच्या वाईटावर. आपल्याकडं उलट आहे. सुपरवायझर विनाकारण बोलला तर डोळ्यांनीच 'सोड गं' सांगणारी शेजारच्या मशीनवरची, पाळी आली म्हणून हातातलं वजन काढून घेणारी, पोर आजारी असलं की शिफ्ट बदलून देणारी, अडीनडीला दोन हजार काढून देणारी आणि नवऱ्याला न सांगणारी, अशी कुणीतरी प्रत्येकीला असते. तिच्या जिवावर तर आपण टिकून आहोत. ती बाई पडद्यावर नाही. बाईच बाईची वैरी, हे जे आपल्या तोंडात बसलं आहे त्यात मालिकांचा वाटा लहान नाही. निदान आपण तरी ते म्हणायचं सोडू या.

तिसरं, वेळ. तिचं लेकरू कोण सांभाळतं? मालिकेत मूल तीन वर्षांचं झालं की अचानक दहा वर्षं उडी मारतात, म्हणजे पाळणाघराचा, सासूच्या गुडघ्यांचा, दूध तोडण्याचा प्रश्नच मिटला. ही उडी आपल्याला मारता येत नाही.

मारहाणीबद्दल मी मवाळ बोलणार नाही. नायिकेच्या थोबाडीत मारली आणि चार भागांनंतर मारणाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणलं, की नायिका त्याला पोटाशी घेते. हे दाखवताना मागं गाणं लावतात म्हणून ते प्रेम होत नाही. बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कोल्हापूर संस्थानात १९१९ साली कायदा झाला. कोल्हापुरी वाड्यात घडणाऱ्या मालिका लिहिणाऱ्यांना वाड्याचा दरवाजा, फेटा, ठुशी आणि तांबडा-पांढरा रस्सा बरोबर ठाऊक असतो, हा कायदा तेवढा ठाऊक नसतो. असं दृश्य लागलं आणि शेजारी पोरगं बसलेलं असलं, तर चॅनेल बदलून विषय संपवू नका. त्याला विचारा, हे बरोबर केलं का त्यानं? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न आईनंच विचारायचा असतो, शाळेत कुणी विचारत नाही.

"मालिकेनं काय होतंय, टाइमपास तर आहे," असं म्हणाल तर एक गोष्ट सांगते. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तामिळनाडू आणि दिल्ली इथल्या बायकांच्या मुलाखतींवरून अभ्यास केला. खेड्यांत केबल नव्यानं आली की काय बदलतं, हे त्यांनी पाहिलं. केबल आलेल्या गावांत 'नवऱ्यानं मारलं तर चालतं' असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच पाहिजे हा हट्ट सैल झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला. तेव्हा तर सासू-सुनांच्या हिंदी मालिकांचा सुकाळ होता! त्या मालिकांत आदर्श काही नव्हतं, पण बाई घराबाहेर पडताना, शिकलेली, स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मर्जीनं फिरताना दिसत होती, आणि तेवढं दिसणंही पुरलं. ब्राझीलमध्ये लहान कुटुंबं दाखवणाऱ्या मालिका जिथं जिथं पोचल्या तिथं जन्मदर उतरला, असंही अभ्यासकांना आढळलं. एवढा जोर असलेल्या गोष्टीला टाइमपास म्हणून सोडून देता येत नाही.

आणि जोर आपल्या हातातही आहे. दर आठवड्याला टीआरपी येतो, त्यावर मालिकेचं मरण-जगणं ठरतं. म्हणून नुसती चिडचिड करून बघत राहू नका. नायिकेला बारा भाग खोलीत कोंडलंय, चौथ्यांदा स्मृतिभ्रंश झालाय, तर त्या दिवसापासून बघायचं बंद करा, सरळ. शिव्या देत बघितलेला भागही बघितलेलाच धरला जातो. याची दुसरी बाजूही कबूल करायला हवी. २०२० मध्ये सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' लागायची, सावित्रीबाई आणि जोतीरावांवरची. पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत आणि वर्षभरातच ती आटोपली. नंतर हळहळ पुष्कळ झाली. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालणारे आपण सगळे त्या वेळी दुसरं काहीतरी बघत होतो. कोल्हापुरात कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्याला रोज वळसा घालून जाणाऱ्यांपैकी किती जणांनी 'स्वराज्य सौदामिनी ताराराणी' बघितली, हेही एकदा आपापल्या मनाशी बघा. चांगली बाई पडद्यावर पाहिजे असेल तर ती आल्यावर तिला बघायलाही पाहिजे.

घरातल्या पुरुषांना दोनच शब्द. शेजारी बसा. मोबाईलमध्ये तोंड न घालता अर्धा तास बसा आणि बायको कुठल्या वाक्याला सरसावून बसते ते बघा. तिला तुमच्याकडून काय ऐकायचंय ते फुकटात कळेल. आणि जाहिरात लागली की भांडी घासायला उठा, नाहीतर तिचा पुढचा भाग स्वयंपाकघरातून ऐकण्यात जातो.

शेवटी मालिका लिहिणाऱ्या-करणाऱ्यांना, कारण त्यांतल्या कुणाच्या तरी घरात हा मजकूर वाचला जाईल. कोल्हापूर तुम्ही दहा वेळा दाखवलंत. तालीम दाखवली, ऊस दाखवला, वाडे तर इतके दाखवलेत की इथं साधी घरंच नाहीत असं परगावच्या माणसाला वाटावं. पण कोल्हापूरच्या किती बायका वाड्यात राहतात? कागल हे आनंद यादवांचं गाव. राबणाऱ्या घराची गोष्ट कशी लिहायची ते त्यांनी 'झोंबी'त दाखवून ठेवलं आहे, आणि ती वाचकांनी डोक्यावर घेतली. तुम्ही फक्त एकदा दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला लक्ष्मी टेकडीच्या फाट्यावर येऊन उभे राहा. फर्स्टच्या बायका बाहेर पडत असतात, सेकंडच्या आत जात असतात. गळ्यात ओळखपत्र, साडीवर ढगळ शर्ट, पिशवीत रिकामा डबा आणि वाटेत घेतलेली मेथी. एकीचं परमनंट व्हायचं अडलेलं असतं, एकीनं नर्सिंगला टाकलेल्या पोरीची फी भरलेली असते, एकीला लाईनची लीडर केलंय म्हणून नवरा दोन दिवस बोलत नसतो, एकीचं कॉलेजात असलेल्या मुलाच्या बरोबरीनं बारावीला बसायचं चाललेलं असतं. कट-कारस्थानं पाहिजेत तर ओटी कुणाला द्यायची यावरून जेवढी होतात तेवढी कुठल्या वाड्यात होत नसतील. प्रेमही आहे, कंपनीच्या बसमध्येच जुळलेलं. खलनायिका घालायचीच असेल तर घाला, तिला खुशाल माहेरची जमीन मागू द्या, फक्त नायिकेलाही मागू द्या.

मालिकेचं नाव तुम्ही काहीही ठेवा. पहिल्याच भागात तिचा पगार किती आणि कार्ड कुणाकडं असतं तेवढं दाखवा, म्हणजे पुढं बघायचं का नाही ते आम्ही ठरवू.